कोरडा दगड, खारं पाणी

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून बेटांची एक लांबलचक माळ समुद्रात उतरत जाते. ‘फ्लोरिडा कीज’ म्हणतात तिला. त्यातल्या विंडली की नावाच्या बेटावर दगडाची एक जुनी खाण आहे. आज ते राज्याचं संरक्षित उद्यान आहे. खाणीच्या भिंती माणसाच्या उंचीपेक्षा थोड्या वर जाणाऱ्या, यंत्राने सरळ कापलेल्या आहेत. जवळ जाऊन पाहिलं की त्यांत नक्षी दिसू लागते. कुठे वळ्यावळ्यांची, कुठे बारीक चांदण्यांची, कुठे मधोमध चिरलेल्या घुमटाची. ही नक्षी कोणी कोरलेली नाही. सुमारे 1,25,000 वर्षांपूर्वी इथे प्रवाळांची वस्ती होती आणि समुद्र आजच्यापेक्षा काही मीटर उंच होता. पुढे हिमयुगात पाणी उतरलं, वस्ती उघडी पडली, मेली आणि तिचा दगड झाला.

हेन्री फ्लॅगलर या उद्योगपतीने या बेटांवरून थेट की वेस्टपर्यंत रेल्वे नेली, तेव्हा भरावासाठी हाच दगड फोडला गेला. रेल्वे 1912 मध्ये पोहोचली आणि 1935 च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाली. खाण मात्र 1960 च्या दशकापर्यंत चालू होती. घासून गुळगुळीत केलेल्या तिच्या पाट्या इमारतींच्या दर्शनी भागावर बसवल्या जात. त्या वादळात बळी पडलेल्यांचं इस्लामोराडा इथलं स्मारकही याच दगडाचं आहे.

याच कुळातला चुनखडक आता खासगी जमिनींतून उकरून, धुऊन, खोक्यांत भरून जगभर विकला जातो. खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवणारे हौशी लोक तो घेतात. त्यांच्या बोलीत तो ‘ड्राय रॉक’. हातात घेतला तर पांढरट, खरखरीत, भोकाभोकांचा आणि आकाराच्या मानाने हलका. त्यात जीव म्हणून काही नसतो. तो काचपेटीत ठेवण्याआधी महिनोन्‌महिने राबावं लागतं, आणि हा लेख त्या राबण्याविषयी आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने मेलेलाच दगड घ्यावा. त्याला जिवंत होताना पाहणं हा या छंदाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याने मासे आणूच नयेत.

दगड लागतोच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या अनेकांनी समुद्रातले मासे पहिल्यांदा पाहिले ते मरीन ड्राइव्हवरच्या, 1951 साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. तिथे पाहणाऱ्याची नजर माशावर असायची आणि मागचा दगड ही शोभेची वस्तू वाटायची. खरं तर पेटीतला सगळा संसार त्या दगडावर चालतो. मासा श्वास घेतो, खातो, उत्सर्जन करतो. त्यातून अमोनिया तयार होतो, आणि बंद पाण्यात त्याचं प्रमाण जरा वाढलं तरी माशाचे कल्ले भाजून निघतात. समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात विरतो आणि सूक्ष्म जीव तो खाऊन टाकतात. पेटीत त्या सूक्ष्म जीवांना राहायला जागा हवी. सच्छिद्र दगड ती जागा देतो.

हे सगळ्यांत आधी व्यवहारात उतरवणाऱ्यांपैकी एक होते जाकार्ताचे ली चिन एंग. समुद्रातून आणलेले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि खिडकीतून येणारं ऊन, एवढ्या सामग्रीवर त्यांनी उष्ण कटिबंधातले मासे आणि प्रवाळ जगवले आणि 1961 साली अमेरिकेतल्या एका मत्स्यपालन मासिकात त्याविषयी लिहिलं. तेव्हाच्या जाणकारांचा भर वेगळीकडे होता. पाणी गाळा, निर्जंतुक करा, तळाच्या वाळूखाली जाळी घालून पाणी खेचा. ली यांची पद्धत बऱ्याच जणांना नशिबाचा खेळ वाटली. पुढे 1970 आणि 80 च्या दशकांत पीटर विल्केन्स, डीट्रिश श्ट्यूबर आणि बर्लिनच्या हौशी मंडळींनी भरपूर जिवंत दगड, जोरदार प्रवाह, प्रखर दिवे आणि पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य फेसातून काढून टाकणारा स्किमर यांची सांगड घातली. ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून गाजली, आणि दगड हाच गाळणीयंत्र हे जगाने मान्य केलं.

मान्य केलं, आणि समुद्र खणायला सुरुवात केली.

जिवंत दगड म्हणजे प्रवाळखडकाचा तुटलेला तुकडा. त्याच्यावर गुलाबी-जांभळ्या शैवालाचा थर असतो, भोकांत किडे, स्पंज, खेकड्यांची पिल्लं, आणि आतवर जिवाणू. किनाऱ्यावरची गरीब माणसं पहारीने असे तुकडे फोडून टोपल्यांत भरत. ओल्या कागदांत गुंडाळलेला माल विमानाने जाई. वाटेत अर्ध्याहून जास्त जीव मरत आणि उरलेले नव्या शहरातल्या दुकानात सडत सडत सावरत. फ्लोरिडाने आपल्या हद्दीतल्या पाण्यातून जिवंत दगड काढण्यावर 1989 मध्ये बंदी घातली. काढणारे थोडे पुढे, संघराज्याच्या पाण्यात सरकले. तिथेही टप्प्याटप्प्याने मर्यादा आली आणि 1997 च्या आरंभी नैसर्गिक खडक काढणं पूर्ण थांबलं. मागणी मात्र थांबली नव्हती, ती पॅसिफिककडे वळली. फिजी हा अनेक वर्षं मोठा पुरवठादार होता. त्याने 2017 च्या अखेरीस निर्यात बंद केली. 2018 मध्ये इंडोनेशियानेही काही काळ प्रवाळांची निर्यात थांबवली. या धक्क्यांनी दुकानं रिकामी झाली आणि कोरड्या दगडाला खरे दिवस आले. छंदातल्या पुष्कळांना तेव्हा आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटलं. मला वाटतं, निर्यातबंदीचे हे निर्णय निदान वीस वर्षं उशिरा झाले.

आपल्याकडे तर प्रश्नच नाही. कठीण कवचाचे सगळे प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. गुन्हा सिद्ध झाला तर किमान 3 वर्षांची कैद. लक्षद्वीप, अंदमान, कच्छचं आखात, मन्नारचं आखात ही नावं सर्वांना ठाऊक असतात. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यातही प्रवाळ आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून दूर, भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे, त्यावरही प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. यातला कुठलाही तुकडा, जिवंत असो वा मेलेला, कोणाच्या बैठकीच्या खोलीसाठी नाही. किनाऱ्यावर वाहून आलेला सांगाडा उचलून पिशवीत टाकणाराही कायद्याच्या कक्षेत येतो, हे पर्यटकांना कोणी सांगत नाही. मुंबईतल्या एका दुकानात मला विक्रेत्याने आवाज खाली आणून विचारलं होतं, “साहेब, ओरिजिनल पाहिजे का? समुद्रातला आहे, रामेश्वरकडचा.” अशा वेळी ‘नको’ म्हणून बाहेर पडणं पुरेसं नाही. का नको, तेही त्याला तिथेच सांगावं.

मन्नारच्या आखातातले प्रवाळ चुन्याच्या भट्ट्यांसाठी आणि कारखान्यांसाठी दशकानुदशकं फोडले गेले. खडक गेला, लाटांना अडवणारं काही उरलं नाही, आणि तिथली छोटी बेटं झिजू लागली. त्यामुळे ‘एका टोपलीने काय होतं’ हे वाक्य मला सहन होत नाही.

तर, कोरडा दगड. परदेशी दगडाची किंमत आणि वाहतूक परवडत नाही, म्हणून इथले लोक आजूबाजूला शोधू लागतात. कोकणातला जांभा पाहून अनेकांचा हात शिवशिवतो. भोकं तर हवी तशी असतात. पण जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी भरलेला, चुन्याचा त्यात पत्ता नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण घट्ट आहे, त्याच्या आत पाणी खेळत नाही. गुजरातकडचा पोरबंदरी दगड मात्र चुन्याचाच, सागरी सूक्ष्म जीवांच्या कवचांपासून झालेला. मुंबईच्या ब्रिटिशकालीन इमारतींच्या नक्षीकामात तो दिसतो. त्याचा पोत प्रवाळासारखा मोकळा नसतो, हा त्याचा तोटा. ओळख पटवायला सोपी परीक्षा आहे. दगडावर व्हिनेगर टाकावं. चुना असेल तर बारीक फेस येतो. काही जण सिमेंट, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा मिसळून, ओलं असतानाच जाड मीठ घालून स्वतःच दगड बनवतात. मीठ विरघळलं की भोकं उरतात. पण ताजं सिमेंट पाण्याची अल्कता फार वाढवतं, त्यामुळे असे दगड कित्येक आठवडे साध्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत राहावं लागतं.

ठाण्यात माझ्या एका मित्राच्या गच्चीवर हे सगळं काम मी जवळून पाहिलं. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत दगड, बाजूला ब्रश, हातमोजे, बादल्या. त्याची आई कपडे वाळत घालायला आली की थांबून म्हणायची, “अरे, या दगडांना आणखी किती दिवस आंघोळ घालणार आहेस?” तो म्हणायचा, “आई, अजून आतलं निघालेलं नाही गं.”

आतलं म्हणजे काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. खाणीतल्या दगडाच्या भोकांत माती, मुळांचे धागे, पानांचा कुजका चुरा असतो. कोणाच्या बंद पडलेल्या पेटीतून आलेला दगड असेल तर त्यात मेलेले स्पंज आणि किडे वाळून बसलेले असतात. पाण्यात पडल्यावर हे सगळं सडतं, आणि अमोनियाबरोबर फॉस्फेटही सुटतं. अमोनियाचा बंदोबस्त जिवाणू करतात. फॉस्फेटचा प्रश्न अधिक चिवट आहे. चुनखडकाला फॉस्फेटची ओढ असते. पाण्यात ते जास्त असलं की दगड ते आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो, आणि पाण्यातलं कमी झालं की सोडू लागतो. आपण सगळं पाणी बदलतो, चाचणी करतो, आकडा उत्तम येतो. आठवड्याने पाहावं तर पुन्हा पहिल्याएवढं. माणूस मिठावर संशय घेतो, माशांच्या खाद्यावर घेतो, चाचणीच्या संचावर घेतो. दगडावर घेत नाही, कारण दगड स्वच्छ दिसत असतो. खुल्या समुद्रातल्या प्रवाळखडकांवर फॉस्फेट अत्यल्प असतं. पेटीत साधारण 0.03 ते 0.1 पीपीएम एवढं राखण्याचा प्रयत्न असतो, आणि वाईट दगड एकटाच ते 1 च्या वर नेऊ शकतो. एवढं फॉस्फेट हिरव्या शैवालाला मेजवानी ठरतं. शिवाय ते चुन्याचे स्फटिक बनण्याच्या आड येतं, म्हणजे प्रवाळाला सांगाडा उभारणं कठीण होतं.

म्हणून क्रम असा. आधी छिन्नी-हातोडीने हवे तसे तुकडे करून घ्यावेत, कारण फोडल्यावर आतून नवी घाण निघते. मग ब्रश आणि पाण्याचा जोराचा फवारा. त्यानंतर ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पातळ द्रावण, सुगंध आणि साबण नसलेलं. त्यात दगड काही दिवस बुडवून ठेवला की वाळलेलं सेंद्रिय द्रव्य जळून जातं आणि पाणी पिवळट, गढूळ होतं. नंतर स्वच्छ पाण्याच्या अनेक धुण्या, मग शोभेच्या माशांच्या दुकानात ‘अँटिक्लोरीन’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे घातलेलं पाणी, आणि शेवटी कडक ऊन. क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत दगड उन्हातच राहू द्यावा. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन या कामासाठी वरदान आहे.

आम्लाबद्दल वेगळं बोललं पाहिजे. हायड्रोक्लोरिक आम्ल, फरशी साफ करायला बाजारात ‘ॲसिड’ म्हणून मिळतं ते, पाण्यात पातळ करून दगडावर वापरलं की वरचा थरच विरघळतो. जोरात फेस येतो. तो कार्बन डाय-ऑक्साइडचा. त्या थराबरोबर त्याला चिकटलेलं फॉस्फेटही निघून जातं. परिणाम चांगला, पण धोका मोठा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. चष्मा, जाड हातमोजे, मोकळी हवा आणि प्लॅस्टिकचं भांडं हवं. काम झाल्यावर उरलेल्या पाण्यात फेस येणं थांबेपर्यंत खायचा सोडा घालायचा. आणि ब्लीच व आम्ल एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे करायचे नाहीत, कारण दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो माणसाचा जीव घेऊ शकतो. माझं मत विचाराल तर घरात लहान मुलं असतील, सदनिका बंदिस्त असेल, तर आम्लाच्या वाटेला जाऊच नये. ब्लीच, ऊन आणि वेळ यांनी बहुतेक काम होतं. फॉस्फेट फारच चिवट असेल तर पिंपातच लँथॅनम क्लोराइडचे थेंब सोडतात. ते फॉस्फेटला बांधून पांढरा गाळ करतं आणि तो बारीक कापडी पिशवीतून गाळून काढता येतो.

आणखी एक इशारा, अगदी कळकळीने. दगड स्वच्छ करण्यासाठी उकळू नका. एखाद्या जुन्या दगडावर झोअँथिड जातीचे बटणाएवढे प्रवाळ चिकटलेले असू शकतात, आणि त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असतं. घरात दगड उकळल्यावर वाफेतून ते पसरून कुटुंबंच्या कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी परदेशांत आहेत.

धुणं संपलं की मुरवणं सुरू होतं. पिंपात आरओ-डीआयचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात सागरी मीठ लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, 26 अंशांवर हीटर, पाणी फिरवत ठेवणारा छोटा पंप, आणि वर झाकण. अंधार महत्त्वाचा, कारण उजेड मिळाला की शैवाल आधी येतं आणि जिवाणूंना बस्तान बसवायला उसंत मिळत नाही. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी इथे पुरत नाही. टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ यायला डीआय रेझिनचा टप्पा लागतो.

पुढचं काम डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात अमोनियम क्लोराइड मोजून घालतात, साधारण 2 पीपीएमपर्यंत. पूर्वी कोळंबीचा तुकडा सडायला टाकत. त्याहून पूर्वी एखादा स्वस्त, काटक मासा सोडत आणि तो अमोनियात तडफडत असताना जिवाणू वाढण्याची वाट पाहत. ती क्रूर पद्धत आता मागे पडली आहे आणि तिचं पुन्हा कोणी समर्थन करू नये. अमोनिया घातल्यावर पहिले काही दिवस आकडा हलत नाही. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. छंदातली मंडळी म्हणतात, ‘सायकल झाली.’ याला काही आठवडे लागतात. कोणाच्या निरोगी, जुन्या पेटीतली ओंजळभर वाळू किंवा दगडाचा छोटा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं, दुधाला विरजण लावल्यासारखं, आणि बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा हे विरजण मला जास्त भरवशाचं वाटतं. त्यात नुसते अमोनिया खाणारे नसतात; अख्खी वस्ती असते.

या अदृश्य वस्तीचा शोधही पेटीशी जोडलेला आहे. अमोनियापासून ऊर्जा मिळवणारे जीव सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले, आणि त्यानंतर शंभर वर्षं सर्वांची समजूत अशी होती की हे काम जिवाणूच करतात. 2005 साली मार्टिन क्योनेके, डेव्हिड स्टाल आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच सूक्ष्म जीव प्रयोगशाळेत वाढवला. तो आर्किया या अगदी निराळ्या कुळातला होता आणि अमोनियावर जगत होता. त्याचं नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. त्याच्या नातलगांची संख्या महासागरांत अफाट आहे. जगाच्या नायट्रोजनचक्राचा मोठा भार ते वाहतात. तो सापडला कुठे? सिएटलच्या मत्स्यालयात, उष्ण कटिबंधातल्या समुद्री माशांच्या एका टाकीच्या तळच्या खड्यांत. महासागराचं एवढं मोठं गुपित टाकीतल्या खड्यांवर बसलेलं होतं. ठाण्याच्या गच्चीवरचं झाकलेलं पिंप मला हे कळल्यापासून वेगळं दिसू लागलं.

दगडाच्या आत खोलवर आणखी एक गोष्ट घडते. बाहेरच्या थरावर प्राणवायू भरपूर, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. आत पाणी सावकाश झिरपतं, प्राणवायू वाटेतच संपतो, आणि तिथले जीव नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून उरलेला नायट्रोजन वायूच्या रूपात सोडून देतात. कोरड्या दगडात बाहेरची वस्ती आठवड्यांत बसते. आतली बसायला अनेक महिने जातात. म्हणून सायकल झाली, दगड तयार झाला, हे समीकरण चुकीचं आहे.

दगड पेटीत मांडताना तो तळाच्या काचेवर टेकवून मांडावा, वाळू नंतर ओतावी. वाळूखाली बीळ करणारे मासे आणि कोळंब्या पाया पोखरतात आणि ढीग कोसळतो. काचेपासून थोडं अंतर ठेवावं, म्हणजे प्रवाह मागूनही फिरतो.

आणि मग येतात ते महिने, ज्यांना इंग्रजीत सरळ ‘अग्ली फेज’ म्हणतात. पांढऱ्याशुभ्र दगडावर आधी तपकिरी डायटम पसरतात. ते ओसरतात तोवर हिरवे केस उगवतात. मग कधी लाल, लिबलिबीत सायनोबॅक्टेरियाचा पापुद्रा. सर्वांत त्रासदायक डायनोफ्लॅजेलेट. त्यांचे तपकिरी, चिकट धागे आणि त्यांत अडकलेले बुडबुडे. हे बऱ्याचदा अशा पेटीत येतात जिथे मालकाने अतिउत्साहात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलेलं असतं. जागा रिकामी, स्पर्धक उपाशी, आणि यांना नेमकं तेच फावतं. जिवंत दगडावर जागा आधीच शेकडो रहिवाशांनी अडवलेली असते, म्हणून तिथे हा त्रास कमी. कोरड्या दगडाची ही खरी किंमत आहे आणि ती लपवू नये. त्याच्या बदल्यात एक मोठा लाभ मिळतो. जिवंत दगडाबरोबर चोरपावलांनी येणारं कोणी येत नाही. ॲप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल नाही, मासे टिपणारी मँटिस कोळंबी नाही, रात्री भोकातून निघणारा हातभर लांब युनिस किडा नाही.

या काळात बहुतेक जण औषधांच्या बाटल्या घेऊन धावतात. माझं सांगणं उलट आहे. गोगलगायी सोडा, दिवे कमी करा, हाताने शैवाल उपटा, पाण्याचे आकडे स्थिर ठेवा आणि थांबा. एखाद्या गोगलगायीच्या शंखावरून किंवा मित्राच्या पेटीतल्या तुकड्यावरून कोरलाइन शैवाल येतं. सुरुवातीला नखाएवढे गुलाबी ठिपके. ते चुना बांधणारं शैवाल आहे. एकदा त्याने दगड व्यापला की हिरव्या केसांना पाय रोवायला जागा उरत नाही. ठाण्याच्या त्या पेटीत असे ठिपके दिसले, तेव्हा मित्राने सगळ्यांत आधी आईला हाक मारली.

कीजमध्ये परत जाऊ, कारण दगडाची खरी गोष्ट तिथे पुढे सरकली आहे. बंदीनंतर फ्लोरिडाने एक मार्ग खुला ठेवला होता. समुद्रतळाचा तुकडा भाड्याने घ्यायचा, जमिनीवरच्या खाणीतला दगड तिथे नेऊन टाकायचा, काही वर्षांनी त्यावर जीव वसले की तोच काढून विकायचा. अट अशी की टाकलेला दगड तिथल्या नैसर्गिक खडकापेक्षा वेगळा ओळखू आला पाहिजे. केन नेडिमायर हे अशी दगडांची शेती करणारे एक मत्स्य-व्यावसायिक. त्यांच्या दगडांवर एके वर्षी स्टॅगहॉर्न प्रवाळाची पिल्लं आपोआप येऊन बसली. अटलांटिकमधली ही फांदीदार जात तेव्हा झपाट्याने नाहीशी होत होती. नैसर्गिक खडकावरच्या प्रवाळाला हात लावणं बेकायदा. पण हा दगड नेडिमायर यांनी स्वतः टाकलेला होता, त्यामुळे त्यावरचं प्रवाळ वाढवण्याची मुभा त्यांना होती. त्यांनी फांद्या तोडून नव्या दगडांवर लावल्या, वाढवल्या, आणि पुढे मोलॅसेस रीफवर नेऊन चिकटवल्या. त्यातून 2007 मध्ये ‘कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन’ उभी राहिली. पाण्यात तरंगणाऱ्या झाडांसारख्या चौकटींवर प्रवाळाच्या फांद्या टांगून वाढवण्याची तिची पद्धत पुढे जगभर पसरली. विकण्यासाठी मांडलेल्या मेल्या दगडावर समुद्राने स्वतःहून हे ठेवून दिलं, ही घटना मला फार मोठी वाटते.

2023 च्या उन्हाळ्यात त्या कामावर मोठं संकट आलं. जुलैत फ्लोरिडातल्या मॅनाटी बे या उथळ उपसागरात पाण्याचं तापमान 38 अंशांच्या वर नोंदलं गेलं. खडकांवरचे प्रवाळ पांढरे पडले, अनेक ठिकाणी लावलेले सगळे मेले. माणसांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधून फांद्या काढून जमिनीवरच्या टाक्यांत आणल्या. म्हणजे ज्या तंत्राने हौशी लोक काचपेटी जगवतात, तेच तंत्र आता एका जातीला जगवण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. त्याची पूर्वतयारी झालेलीच होती. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी ऋतू, चंद्र आणि तापमान यांची नक्कल करून प्रवाळांना टाकीत अंडी घालायला लावलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियमने त्याच वाटेने अटलांटिकच्या स्तंभ-प्रवाळाची अंडी प्रयोगशाळेत मिळवली.

अंडी मिळाली की डिंभ पोहू लागतात, आणि ते बसायला जागा शोधतात. इथे पुन्हा दगडच आडवा येतो. स्वच्छ, कोऱ्या पृष्ठभागावर ते बसायला नाखूष असतात. कोरलाइन शैवाल आणि त्याच्यावरच्या जिवाणूंचा थर असेल तिथे ते थांबतात. स्यूडोअल्टेरोमोनास जातीच्या काही जिवाणूंनी सोडलेलं एक रसायन डिंभाला पोहणं सोडून प्रवाळ व्हायला भाग पाडतं, हे प्रयोगांतून दिसलं आहे. म्हणून संशोधक चुन्याच्या किंवा चिनीमातीच्या छोट्या टाइल घेतात, धुतात, आणि वाहत्या समुद्राच्या पाण्यात सोडून देतात. त्यांच्यावर थर चढतो की नाही ते तपासतात, नको असलेलं शैवाल खरवडतात, गोगलगायी सोडतात. ठाण्याच्या गच्चीवर जे चालतं, तेच.

फ्लोरिडातले स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न प्रवाळ साधारणपणे वर्षातून एकदाच, ऑगस्टच्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत अंडी सोडतात. त्या रात्री टाइल कोरी असेल तर पुढची संधी एकदम पुढच्या वर्षी. त्यामुळे तिथल्या प्रयोगशाळांत टाइल पाण्यात सोडण्याचं काम अंड्यांच्या कितीतरी आठवडे आधी, कधी काही महिने आधी सुरू झालेलं असतं.